आगकाड्यांची मौज: हरवलेल्या ॲनिमेशनपटांचा माग

१/
१९१५ च्या सुमारास नाशिकमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांनी साध्या आगकाड्या कॅमेऱ्यासमोर मांडून, एकेक फ्रेम टिपत, एक लघुपट तयार केला. त्याचे नाव 'आगकाड्यांची मौज'. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या नावाचा उल्लेख करतो. परंतु आज लिहिणाऱ्यांपैकी कुणीही तो पाहिलेला नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही.

थ्रेड मोठा आहे, मध्ये थोडे गणितही आहे. सवडीने वाचावा.

२/
आपण आज तीन चित्रपटांचा माग काढणार आहोत. पहिला, जो तिकीट लावून दाखवण्यासाठी बनलाच नव्हता: 'अंकुराची वाढ' (१९१२). दुसरा, जो बनला, दाखवला गेला आणि नाहीसा झाला: 'आगकाड्यांची मौज'. तिसरा, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'जंबू काका' (१९३४).

हे चित्रपट का उरले नाहीत, याचे ठरलेले उत्तर 'जुनी फिल्म ज्वालाग्राही होती' असे दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. माझ्या मते हे लघुपट जळण्याच्या किंवा कुजण्याच्या आधीच एका अर्थी हरवले होते, कारण त्यांना स्वतंत्र कृती म्हणून कुणी मोजलेच नव्हते. हा मुद्दा पुराव्यांनिशी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

३/
आधी फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, मग बडोद्याचे कलाभवन. पुढे गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात नोकरी, शिळाछाप आणि रंगीत ब्लॉक छपाईचा उद्योग. जोडीला जादूचे प्रयोग. 'फाळके' ही अक्षरे उलटसुलट करून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले होते.

ही यादी मुद्दाम दिली. ॲनिमेशनला लागणारी प्रत्येक विद्या यांत आहे: चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराचे रसायनज्ञान, छपाईवाल्याची काटेकोर मांडणी आणि जादूगाराला असलेली प्रेक्षकांच्या डोळ्यांची जाण.

४/
फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांच्या ओळखीने त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ पाहता आला. परतताना त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था केली.

ते यंत्र महत्त्वाचे होते. त्या वेळी कच्ची फिल्म बहुधा छिद्रांविना येई आणि ती घरीच, अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. फिल्म धुण्याची रसायनेही त्यांनी हाताळली. भारतीय चित्रपटाच्या तांत्रिक कामाचा इतिहास त्यांच्या नावावाचून सुरू होत नाही.

५/
आता 'अंकुराची वाढ'. यंत्रसामग्री आली, पण पूर्ण लांबीच्या चित्रपटाला भांडवल हवे होते, आणि 'हलती चित्रे' इथे, आपल्या घरी बनू शकतात यावर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत थांबून थांबून फ्रेम टिपल्या. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. ही फिल्म त्यांनी निवडक परिचितांना दाखवली; ती पाहून यशवंत नाडकर्णी यांच्यासारखे परिचित कर्ज देण्यास तयार झाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले आणि 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले.

६/
या कथेत एक वाक्य हमखास येते: 'फाळक्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म तयार झाली.' इथे थोडे गणित करू.

मूकपटाच्या काळी साधारण सेकंदाला १६ फ्रेम हा वेग धरला जाई. म्हणजे एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. ३५ मिलिमीटरच्या एका फूट फिल्मवर १६ फ्रेम मावतात, म्हणून एक मिनिट म्हणजे ६० फूट.

रोज एक फ्रेम घेतली तर ३० दिवसांत ३० फ्रेम होतात. पडद्यावर ते दोन सेकंदही भरत नाहीत!

७/
मग खरे काय असावे? शक्यता तीन. (अ) फाळक्यांनी दिवसाला एक नव्हे, सुमारे ३२ फ्रेम घेतल्या. बारा तासांच्या उजेडात हे साधारण दर २२ मिनिटांना एक फ्रेम असे पडते. (ब) रोज एकदाच चित्र घेतले, पण त्याच स्थितीच्या अनेक फ्रेम टिपल्या. तसे असेल तर वेल सरळ वाढताना न दिसता धक्क्याधक्क्याने वाढली असती. (क) फिल्म मिनिटभराची नसून फार लहान होती.

पाहणारे लोक प्रभावित होऊन पैसे द्यायला निघाले, हे लक्षात घेता मला पहिली शक्यता अधिक पटते. तसे असेल तर चित्र आणखी रोचक होते: महिनाभर, दिवसातून तीसेक वेळा, कुणीतरी त्या कुंडीपाशी येऊन कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होते. एकट्या माणसाचे हे काम नाही. त्यात घर गुंतलेले असणार. 'रोज एक फ्रेम' हे वाक्य चिकाटीचे रूपक म्हणून सुंदर आहे. पुरावा म्हणून ते टिकत नाही.

८/
म्हणजेच न पाहिलेल्या चित्रपटालाही प्रश्न विचारता येतात. फिल्मची रुंदी, प्रक्षेपणाचा वेग, दिवसाचा उजेड या गोष्टी पक्क्या असतात, आणि आख्यायिका त्यांच्यावर घासून पाहता येते. इतिहासाच्या वर्गात याला साधनचिकित्सा म्हणतात. शिलालेखाला जी लावतो तीच कसोटी मिनिटभराच्या फिल्मलाही लावावी.

आणखी एक गोष्ट: 'अंकुराची वाढ' ही विक्रीची वस्तू नव्हती. ती भांडवल मिळवण्यासाठी केलेले प्रात्यक्षिक होती. काम झाले की प्रात्यक्षिक जपून ठेवण्याची गरज कुणाला वाटत नाही. हरवण्याचे पहिले कारण इथेच सापडते.

९/
'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' झाले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले आणि प्रस्तावही आले. पण त्याच वर्षी महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म परदेशातूनच येत असल्याने तिची चणचण भासू लागली आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला.

१०/
याच ओढाताणीच्या काळात फाळक्यांनी लघुपट केले. त्यांच्या चित्रपटसूचीत ही नावे दिसतात: 'नाशिक-त्र्यंबक येथील देखावे', 'तळेगाव काच कारखाना', 'सिंहस्थ पर्वणी', 'धूम्रपान लीला', 'विचित्र शिल्प', 'लक्ष्मीचा गालिचा', 'प्रोफेसर केळफाची जादू' आणि 'आगकाड्यांची मौज'.

यांतले काही माहितीपट आहेत, काही प्रहसने, काही जादूचे खेळ. 'विचित्र शिल्प', 'लक्ष्मीचा गालिचा' आणि 'आगकाड्यांची मौज' यांचा गट वेगळा पडतो, कारण त्यांत निर्जीव वस्तूच नट आहेत. तालमीला न येणारे, पगार न मागणारे नट! पैशाच्या टंचाईत हा मार्ग सुचणे स्वाभाविक होते. नटसंच, वेशभूषा आणि बाह्यचित्रणाचा खर्च नव्हता. लागत होता तो वेळ.

११/
वेळ किती? पुन्हा गणित. समजा, लघुपट केवळ १०० फुटांचा होता. म्हणजे १६०० फ्रेम, पडद्यावर सुमारे १०० सेकंद. एका वेळी दहा काड्या हलवायच्या झाल्या आणि प्रत्येक फ्रेमला त्या केसभर सरकवल्या, तर १६,००० वेळा काडीला बोट लावावे लागेल. दोन-दोन फ्रेम एकाच स्थितीत घेतल्या तरी ८,००० वेळा. मध्येच काडी कलंडली की मागची मांडणी स्मरणाने पुन्हा उभी करायची.

त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा एकदा पूर्ण फिरवला की साधारणपणे आठ फ्रेम टिपल्या जात. असे काम करायचे तर एका वेळी एकच फ्रेम पुढे सरकेल अशी सोय वापरावी लागे. 'अंकुराची वाढ' करताना फाळक्यांनी याच तंत्रावर हात बसवला होता. वाटाण्याचा वेल आणि आगकाड्या यांना जोडणारा धागा तो हा: पहिल्यात निसर्ग वस्तू हलवत होता, दुसऱ्यात माणसाचे बोट.

१२/
ही कल्पना फाळक्यांना कुठून सुचली असावी? फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये आगकाड्यांवरच एक ॲनिमेशनपट केला होता, आणि फाळक्यांना त्यातून प्रेरणा मिळाली असे अभ्यासक मानतात. त्याच वर्षी कोल यांचा 'फँटास्मागोरी' आला, ज्याला हाताने काढलेल्या चित्रांच्या ॲनिमेशनचा आरंभ मानले जाते.

याने फाळक्यांचे श्रेय कमी होत नाही. कल्पना पडद्यावर पाहता येते. ती घडवण्याची रीत मात्र पडद्यावर दिसत नाही. ती नाशिकमध्ये पुन्हा शोधावी लागली असणार.

१३/
'आपणच करंटे, आपणच काही जपले नाही' असा सूर अनेकदा लागतो. म्हणून जरा बाहेर पाहू.

खुद्द कोल यांनी अमेरिकेत केलेल्या कामाचा बहुतांश भाग एक्लेर कंपनीच्या फोर्ट ली येथील १९१४ च्या आगीत नष्ट झाला. जगातला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो अर्जेंटिनाच्या किरिनो क्रिस्तियानी यांचा 'एल अपोस्तोल' (१९१७) आगीतच संपला. त्यांचा पुढचा 'पेलुदोपोलिस' (१९३१) हाही आज नाही. वॉल्ट डिस्नी यांनी मिकी माऊसच्या आधी केलेल्या 'ओस्वाल्ड' सशाच्या मालिकेतले कित्येक भाग बेपत्ता आहेत. हरवणे ही जगभरची गोष्ट आहे. जपण्याच्या तऱ्हा मात्र देशोदेशी वेगळ्या.

१४/
आता फिल्मचे रसायन. १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत व्यावसायिक फिल्मचा आधार सेल्युलोज नायट्रेटचा असे. रासायनिकदृष्ट्या हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा नातेवाईक. तो पेटला की स्वतःच प्राणवायू पुरवतो, त्यामुळे पाण्यात बुडवूनही विझत नाही.

आग लागली नाही तरी तो हळूहळू विघटित होतो. आधी चित्र फिके पडते, मग फिल्म चिकट होते, तिच्यावर फोड येतात, वेटोळी एकमेकांना चिकटून दगडासारखा गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. विघटनातून निघणारे वायू डबा बंद असेल तर ही क्रिया अधिकच वेगवान करतात.

कुजू लागलेली नायट्रेट फिल्म चाळीस-एकेचाळीस अंश उष्णतेत दीर्घकाळ राहिली तर आपोआप पेटू शकते. आमच्या विदर्भातला मे महिना आठवा, म्हणजे इथल्या माळ्यावर ठेवलेल्या डब्याचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

१५/
परंतु रसायन सर्व फिल्मना सारखेच लागू होते. 'कालियामर्दन' (१९१९) त्याच नायट्रेटवर होता, आणि त्याचा मोठा भाग आज आपण पाहू शकतो. मग आगकाड्याच का गेल्या?

पहिले कारण प्रतींची संख्या. गाजलेल्या पौराणिक चित्रपटाच्या प्रती अनेक निघत, गावोगावी फिरत. एक कुजली तरी दुसरी कुठेतरी उरे. मुख्य खेळाला जोडून दाखवायच्या छोट्या फिल्मच्या प्रती मोजक्याच.

दुसरे कारण फिल्मवरची चांदी. जुन्या फिल्ममधून ती काढून विकता येई. फिरून थकलेली प्रत भंगारात जाणे हा तेव्हाचा साधा व्यवहार होता.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते: असा लघुपट 'भरतीचा' मानला जाई. प्रेक्षक 'सत्यवान सावित्री' पाहायला येत. आगकाड्या त्याबरोबर दिसत. वृत्तपत्रातली जाहिरात मुख्य चित्रपटाची असे. घरी गेल्यावर लोक सावित्रीबद्दल बोलत असतील.

१६/
याला कायद्याचीही बाजू आहे. भारतात सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ मध्ये झाला आणि सेन्सॉर मंडळे १९२० मध्ये सुरू झाली. त्यानंतरच्या चित्रपटांची नावे, लांबी, प्रमाणपत्रे यांची सरकारी नोंद होऊ लागली. म्हणजे १९२५ चा एखादा चित्रपट पूर्ण नष्ट झाला तरी तो किती फुटांचा होता हे कागदावरून कळू शकते.

१९१५ चा लघुपट या नोंदींच्या आधीचा. त्याच्यासाठी उरतात ती वृत्तपत्रे, हस्तपत्रके, पत्रव्यवहार आणि आठवणी. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. १९२७-२८ च्या रंगाचारियार समितीपुढे त्यांची साक्ष नोंदली गेली. भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळाबद्दल फाळक्यांचा आवाज थेट ऐकायचा असेल, तर ही साधने वाचायला हवीत.

१७/
तिसरा चित्रपट. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा 'अमृतमंथन' आला आणि त्याच १९३४ मध्ये प्रभातने 'जंबू काका' हे व्यंगचित्रपटाचे पाऊल टाकले. ॲनिमेशन रघुनाथ केळकर यांचे. जंबू म्हणजे जंबुक, कोल्हा. पंचतंत्र वाचलेल्या मराठी मुलांचा हा जुना परिचित.

काळ पाहा. डिस्नींचा 'थ्री लिटल पिग्ज' १९३३ चा. कलकत्त्यात न्यू थिएटर्सच्या गुणमय बॅनर्जी यांचा 'द पी ब्रदर्स' १९३४ चा. म्हणजे पुणे आणि कलकत्ता ही दोन शहरे एकाच वर्षी एकाच प्रश्नाशी झुंजत होती: हाताने काढलेल्या हजारो चित्रांना बोलपटाच्या काळात कसे उभे करायचे?

१८/
'जंबू काका'चे नाव प्रत्येक इतिहासात आहे. पण 'अमृतमंथन'ची गाणी, प्रकाशयोजना, डोळ्याचे ते प्रसिद्ध क्लोजअप यांवर पानेच्या पाने लिहिली गेली, आणि 'जंबू काका'च्या वाट्याला एखादे वाक्य आले. पुढे कोल्ह्याची मालिका झाली नाही. मालिका नाही म्हणून पात्राला बाजारभाव नाही, आणि बाजारभाव नाही म्हणून जुनी रिळे पुन्हा छापून घेण्याचे कारण नाही.

डिस्नींकडे हेच उलट घडले. पात्र हीच मालमत्ता असल्याने प्रत्येक लहान कार्टूनची निगेटिव्ह जपण्यात व्यापारी शहाणपण होते. तिथे जतन झाले ते हिशेबातून.

१९/
सरकारी नोंदीचा परिणाम पाहायचा असेल तर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनकडे पाहा. १९५० च्या दशकाच्या मध्याला तिथे कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नी स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले आणि जातककथेवरचा 'द बनियन डीअर' १९५७ मध्ये तयार झाला. तोही लघुपटच, तोही मुख्य खेळाआधी दाखवायचा. पण तो एका खात्याच्या यादीत होता, त्याची निगेटिव्ह कुणाच्या तरी जबाबदारीत होती. म्हणून तो आजही पाहता येतो. लांबी तेवढीच, नशीब वेगळे.

२०/
आता जपणाऱ्यांविषयी. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जुन्या फिल्मचा शोध हेच जीवितकार्य मानले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे नाशिकला उरलेले तुकडे त्यांनी मिळवले, जुळवले. 'कालियामर्दन' त्यामुळेच आपल्याला दिसतो. त्यातली बालकृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिची आहे. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटाचाही काही अंश उरला आहे, त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात.

भारतात तयार झालेल्या मूकपटांची संख्या तेराशेहून अधिक सांगितली जाते. त्यांतले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे अपुरे, आज उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची उपलब्ध रिळे १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, हाही वादाचा विषय आहे.

२१/
८ जानेवारी २००३. पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह असंख्य मूळ रिळे भस्मसात झाली. अनेकांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच काढून ठेवल्या होत्या, म्हणून आशय वाचला. पण मूळ निगेटिव्हमधली स्पष्टता पुन्हा मिळत नाही.

'आगकाड्यांची मौज' तयार झाल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनीही तीच आग आपल्या दारात होती, हे ध्यानात ठेवावे.

२२/
मग सर्व संपले का? जपानचे उदाहरण पाहा. कोउची जुनिची यांचा 'नामाकुरा गाताना' हा १९१७ चा ॲनिमेशनपट, म्हणजे आगकाड्यांनंतर दोनच वर्षांनी आलेला, हरवला असे समजले जात होते. त्याची प्रत ओसाकाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाली आणि २००८ मध्ये हा शोध जाहीर झाला. आज तो उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या जपानी ॲनिमेशनपटांत गणला जातो.

ओस्वाल्डच्या मालिकेतला 'स्ले बेल्स' २०१५ मध्ये ब्रिटिश चित्रपट संग्रहालयातच मिळाला. कपाटात तो होताच. तो काय आहे हे ओळखणारे कुणी आधी आले नव्हते. पहिला शोध बाजारात लागला, दुसरा सूची वाचून. दोन्हींसाठी नाव ठाऊक असणारा माणूस तिथे असावा लागला.

२३/
हे मी कळंबहून लिहिते आहे. यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, चिंतामणीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांपासून लांब असलेल्या आपल्यासारख्यांनी काय करावे, हा प्रश्न मला पडतो. मला सुचलेले असे:

एक, स्थानिक वृत्तपत्रे. यवतमाळहून लोकनायक बापूजी अणे यांनी 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. अकोल्याहून पुढे 'मातृभूमी' निघाले. अशा पत्रांच्या जुन्या अंकांत राजकारण सर्व जण वाचतात. आपण जाहिराती वाचाव्यात. मुख्य चित्रपटाच्या नावाखाली बारीक टाइपात 'शिवाय' म्हणून काय छापले आहे, ते टिपून घ्यावे. लघुपट तिथे लपलेले असतात.

२४/
दोन, माणसे. चिंतामणीच्या माघातल्या यात्रेत, किंवा कोणत्याही जत्रेत, तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये सिनेमा पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. आजोबांना 'कोणता सिनेमा पाहिला' एवढेच विचारू नका. 'मुख्य खेळाच्या आधी काय दाखवायचे' हेही विचारा. १९१५ चे कुणी भेटणार नाही, पण नंतरच्या दशकांतले कार्टून, समाचारपट, जाहिरातपट यांची नोंद निदान आपल्या हयातीत व्हावी.

तीन, वस्तू. जुना बाजार, भंगाराचे दुकान, बंद पडलेल्या चित्रपटगृहाची खोली, घराचा माळा. हस्तपत्रक, तिकीट, फिल्मचा तुकडा, काहीही.

२५/
इथे एक गंभीर सूचना. जुनी फिल्म सापडली तर ती प्रोजेक्टरवर चालवू नका, दिव्याजवळ धरू नका, उन्हात ठेवू नका, बंद बॅगेत घालून बसने नेऊ नका. कडेवर इंग्रजीत 'नायट्रेट' असे छापलेले दिसले, किंवा डब्याला उग्र, आंबूस वास येत असला, तर विशेष सावध राहा. डबा सावलीत, हवेशीर, घरापासून दूर ठेवावा, बाहेरून छायाचित्रे घ्यावीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. पुढचे काम जाणकारांचे.

२६/
शेवटी पुन्हा आगकाड्यांकडे. 'भारतातील पहिला ॲनिमेशनपट' अशी पदवी आपण या लघुपटाला उत्साहाने देतो. पहिलेपणाचा वाद बाजूला ठेवू. 'अंकुराची वाढ' त्याआधीची आहे, आणि व्याख्या बदलली की पहिला क्रमांकही बदलतो. मला महत्त्वाचे वाटते ते असे: युद्धामुळे फिल्म मिळेना, भांडवल आटले, तेव्हा या माणसाने हातातले काम बंद केले नाही. घरातली सर्वांत स्वस्त वस्तू घेतली आणि ती फ्रेमफ्रेमने हलवत बसला. शेजारी फिल्मला छिद्रे पाडणारी, रसायने ओतणारी सरस्वतीबाई होत्या.

तो लघुपट आपण पाहू शकत नाही. पण त्या कामाला किती फ्रेम, किती तास, किती हात लागले असतील हे मोजू शकतो, आणि ते मोजणे आपल्या हाती आहे.

२७/
तुमच्या घरी, गावच्या वाचनालयात किंवा बंद पडलेल्या टॉकीजमध्ये जुने सिनेमाचे हस्तपत्रक असेल, तर त्याचे छायाचित्र इथे प्रतिसादात जरूर टाका. गाव आणि अंदाजे साल लिहा. मुख्य चित्रपटाखालच्या बारीक ओळी वाचता येतील असे छायाचित्र घ्या; आपल्याला त्याच हव्या आहेत.

पुढचा थ्रेड सरस्वतीबाई फाळके यांच्यावर. थ्रेड इथे संपला.